झिऱ्यावरची पाठराखीण

भागीबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती चुलीपुढे बसून नागलीच्या भाकरी थापत होती आणि तिच्या घोट्याजवळून एक पांढरा दोरा लोंबत होता. दोऱ्याचं टोक एका काडीला गुंडाळलेलं होतं. जखमेला काहीतरी बांधलंय असं समजून मी वाकून पाहिलं, तर दोरा हलला. मी किंचाळत अंगणात पळाले. देवळाली कॅम्पात वाढलेली मी, तोफांच्या आवाजाने कधी दचकले नव्हते. आतून भागीबाईने हाक मारली, "काय झाला गं बाय? नारू नाय पाह्यला कदी? ये, बस, चा पी."

नारू मी पुस्तकात वाचला होता, पण पुस्तकातला नारू हलत नाही. तो माणसाच्या पोटात पाण्यावाटे शिरतो, अंगात वर्षभर वाढतो आणि उन्हाळ्यात बहुतेक पायातून बाहेर निघतो. निघताना अशी आग होते की माणूस पाणी शोधत धावतो. त्या पाण्यात पाय बुडवला की जरा बरं वाटतं आणि तेवढ्यात नारू आपली पिल्लं पाण्यात सोडतो. तेच पाणी पुन्हा सगळं गाव पितं. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, एवढाच त्यावर उपाय, आणि ओढताना तुटला तर पाय सुजून पिकतो. हे सगळं मला तोंडपाठ होतं, तरी त्या दिवशी चहा मी तसाच ठेवून उठले.

मी सुला पगारे, सरकारी नर्स. ही गोष्ट त्र्याऐंशी सालच्या उन्हाळ्यापासूनची, पेठ तालुक्यातल्या वांगणपाड्याची. वस्ती सगळी कोकणा आदिवासींची, डोंगराच्या पोटाला चिकटलेली घरं आणि खाली दगडी पायऱ्यांचा एक झिरा, म्हणजे झऱ्याच्या पाण्याची उथळ विहीर. बाया त्या पायऱ्यांवरून गुडघाभर पाण्यात उतरून हंडे भरायच्या. स्वभावाने मी तापट आणि चटकन हादरणारी, म्हणजे सरकारी नोकरीला दोन्ही बाजूंनी नालायक. पण नारू घालवण्याचं काम गावाला सोबत घेऊनच आखायचं असा वरून आदेश होता, म्हणून डॉक्टरसाहेब आणि मी तिथे बैठक घ्यायला गेलो होतो.

साहेबांनी नाशिकहून आराखडा करूनच आणला होता. भाषण द्यायचं, भिंतीवर चित्रं लावायची, झिऱ्यात औषध टाकायचं आणि हात वर करून सगळ्यांची संमती घ्यायची. हात वर करा म्हटल्यावर एकानेही हात हलवला नाही. तिथली रीतच न्यारी होती. एक माणूस जरी नाही म्हणत असेल तर बैठक उठायची नाही. त्याला सगळे समजावणार, तो सगळ्यांना समजावणार, मधेच जेवायला जाणार आणि परत येऊन तिथून पुढे बोलणार. साहेबांना वाटलं, आपली चेष्टा चाललीय. त्यांची जीप दुसऱ्या दिवशी परत आली आणि तिसऱ्या दिवशीही.

अडून बसला होता झुंबर भगत. गावाचे देव तोच बघायचा. झिऱ्यात साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवी, राहतात, त्यांच्या पाण्यात न विचारता औषध ओतायचं म्हणजे काय, असा त्याचा सवाल होता. साहेब म्हणाले, "मग विचार त्यांना." ते चिडून म्हणाले होते, पण झुंबरने ते खरंच मनावर घेतलं. सुपात दाणे टाकून तो बराच वेळ पुटपुटत बसला आणि मग म्हणाला, "औषद चालंल. पन आसरा म्हनतात, आमच्या पान्यात कोनी पाय घालायचा नाय. माची बांधा, दोरानं पानी काढा." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी साहेबांकडे. पाण्यात कुणी उतरू नये हेच तर आम्हाला हवं होतं! ते आसरा बोलल्या की झुंबर, हे विचारायची माझी आजपर्यंत छाती झालेली नाही.

माची झाली. सागाचे ओंडके पायऱ्यांवर आडवे टाकून वरून दोर-बादली लावली. आता प्रश्न आला राखणीचा. नारू निघालेल्या माणसाला झिऱ्यावर येऊ द्यायचं नाही, आणि गावात तर सगळेच एकमेकांचे सोयरे. कोण कुणाला अडवणार? तेव्हा झुंबरच म्हणाला, "भागीला बसवा. तिला कोनाची भीड नाय." सगळे हसले. भागीबाई हसली नाही. काडीला गुंडाळलेला नारू तसाच पायाशी धरून ती तेव्हाच झिऱ्याकडे निघाली आणि स्वतः पाण्यापासून चार हात लांब ठाण मांडून बसली.

तिने राखण केली म्हणजे कशी! सख्ख्या दिराला तिने हाकलून दिलं. जंगलखात्याचा गार्ड बुटासकट पायरीवर उतरायला लागला, तर "तुझं जंगल तिकडं, हा माझा झिरा" असं म्हणून त्याला वर काढला. एकदा आमच्या साहेबांना चिखलाचे पाय धुवायचे होते. तिने त्यांनाही माचीवरून खाली उतरू दिलं नाही आणि लांबून पायावर बादली ओतली. अर्धी पँट भिजली. तिच्या बोलण्यात अहो-जाहो नव्हतंच, साहेबही तिला 'तू'च. मी तोंडात बोट घालून बघत राहिले आणि साहेब चक्क हसले.

एवढं तिच्या जिवाला का लागलं होतं, ते मला नंतर कळलं. तिची एकुलती एक लेक नवसा. नवसाला आदल्या वर्षी दोन्ही पायांना नारू निघाले होते आणि नेमके त्याच दिवसांत तिला बघायला पाहुणे आले होते. पोर ओट्यावर सरपटत बाहेर आली. पाहुणे पाणीही न पिता उठले आणि "लंगडी पोर दाखवली" म्हणून पंचक्रोशीत बोंब झाली. पाय बरे झाले, व्रण राहिले, पण पुढे विचारायला कोणी आलं नाही. भागीबाई हे सांगायची तेव्हा तिचा आवाज चढायचा आणि डोळे भरायचे, दोन्ही एकदम.

दोन उन्हाळे गेले. वांगणपाड्यात नवा नारू निघेनासा झाला आणि त्याच सुमाराला नवसाचं लग्न ठरलं, डोंगरापलीकडच्या सावरखोंडातल्या केरूच्या मुलाशी. भागीबाईचा पाय जमिनीला लागेना. त्यांच्या भावकीत एक रीत आहे. लग्नाआधी मुलीच्या आईने मुलाच्या गावात पाऊल टाकायचं नाही. बघायला जातात ते पुरुष. तेव्हा तिचा नवरा काळू आणि झुंबर जाऊन आले. काळू एरवी दिवसभरात चार शब्द बोलणारा माणूस, पण केरूच्या बैलांचं वर्णन करताना थकेना. घर चांगलं, पोरगा कामसू, बैलजोडी तर बघत राहावी अशी. भागीबाईने सगळं खोदून खोदून विचारलं. भाताचं शेत किती, सासू कशी, जाऊ भांडकुदळ आहे का.

लग्नाला मी गेले होते. मांडवावर जांभळीचे डहाळे होते, आत नवसा हळद लावून बसली होती आणि संबळ वाजत होता. वऱ्हाड आलं की गावाबाहेर पाण्यापाशी थांबतं. मुलीची आई ताट घेऊन जाते, व्याह्याचे पाय धुते, मगच पाहुणे गावात शिरतात. भागीबाई नवं लुगडं नेसून ताट घेऊन निघाली, मागून आम्ही बाया. झिऱ्यावर त्या दिवशी तिच्या जागी म्हातारी विठाबाई बसली होती.

आम्ही उतारावरून खाली आलो आणि समोरचं बघून मी जागीच थांबले. केरू व्याही माचीच्या कडेला बसला होता. नवं पागोटं, कपाळाला बुक्का आणि डोळे मिटलेले. एक पाय खाली सोडलेला, घोट्यापर्यंत पाण्यात. त्या नितळ पाण्यात पांढरा दोरा स्पष्ट दिसत होता. सकाळपासून डोंगर चालून आलेल्या माणसाला पायाची आग सोसली नव्हती. विठाबाई बाजूला उभी राहून हात चोळत होती. लग्नाच्या पाहुण्याला कसं अडवायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्या कुणाच्याच डोक्यात ते आलं नव्हतं. तीन दिवस बैठक चालली, माचीच्या ओंडक्यांची जाडीसुद्धा ठरली, आणि बाहेरून येणाऱ्या सोयऱ्यांचा पाय कुणालाच आठवला नाही!

मला वाटलं, आता भागीबाई नजर फिरवेल. एकुलत्या लेकीचं लग्न, आधीच एकदा तोंडाशी आलेला घास गेलेला. तिने ताट माझ्या हातात दिलं, सरळ माचीवर गेली, व्याह्याचा पाय घोट्याला धरला आणि उचलून पाण्याबाहेर काढला. म्हातारा तोल जाऊन उताणा पडला. पागोटं गडगडत पायऱ्यांखाली गेलं. संबळ थांबला.

मग जे व्हायचं ते झालं. "आमच्या म्हाताऱ्याला पाडला! चला, उठा, नाय करायचं लगीन!" वऱ्हाडातले जवान काठ्या घेऊन पुढे आले. काळू मध्ये जाऊन हात जोडायला लागला. भागीबाईने कुणाकडेही पाहिलं नाही. दोराने बादलीभर पाणी काढलं, झिऱ्यापासून लांब कोरड्या जमिनीवर व्याह्याला बसवलं, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि हळू हळू धुवायला लागली. "पाय धुवायला आले व्हते, धुतेच मी," ती म्हणाली. "पन पान्यात नाय." तिने नव्या लुगड्याचा काठ टर्रकन फाडला आणि नारूवर ओली पट्टी बांधली. मग पायाला कुंकू लावलं. एवढं झाल्यावर काठ्या उगारून उभं राहायला वऱ्हाडालाही अवघड झालं.

केरू भला माणूस होता. पागोट्याशिवाय तो एकदम म्हातारा दिसायला लागला होता. तो ओशाळून म्हणाला, "येवढं काय त्यात, विहीनबाय? आमच्यात घरोघर हाय. उन्हाळा आला का निघतोच."

भागीबाईचा हात त्याच्या पायावर तसाच थांबला. "घरोघर?"

"हा. झिऱ्यावरून येतो म्हनतात काही जन. आता कोनाला ठाव."

"पायऱ्या हायेत तुमच्या झिऱ्याला?"

"हायेत की. माझ्या आज्यानं केलेल्या. बाया उतरून भरतात."

तिने मान वर करून मांडवाकडे पाहिलं. मला सगळं कळलं. जिने या पाण्यासाठी दिराला, गार्डला, साहेबाला सोडलं नव्हतं, तिची पोर उद्यापासून त्या पायऱ्यांचं पाणी पिणार होती. आणि हे तिला आज, या घटकेला कळत होतं. भावकीच्या रीतीने त्या गावात तिला पाऊल टाकू दिलं नव्हतं, आणि ज्यांना टाकू दिलं होतं त्यांनी... ती काळूकडे वळली. ओरडली नाही, हेच भयंकर होतं.

"बैलं पाह्यलीस," ती म्हणाली. "झिरा पाह्यला?"

काळूने मान खाली घातली. झुंबर भगतही दुसरीकडे बघायला लागला.

ती घरात गेली, मी मागोमाग. हळदीने पिवळी झालेली नवसा भिंतीला टेकून बसली होती. बाहेरचं सगळं तिला ऐकू आलं होतं. तिने लुगडं ओढून पायावरचे व्रण झाकले आणि मग विचारलं, "आई, परत तसंच व्हईल?" लागलेली हळद पुसायची तर पोर जन्मभर मांडवातून उठलेली ठरणार. आणि पाठवायची तर त्या पाण्यावर. मी नर्स म्हणून सांगितलं, की पाणी लुगड्याच्या दुहेरी फडक्यातून गाळून प्यायलं तर नारू होत नाही. ते खरं होतं. पण भाताच्या आवणीच्या चिखलात, रानात, परक्या घरात ती नवी सून कुठे कुठे फडकं घेऊन फिरणार, हे त्या दोघींनाही कळत होतं आणि मलाही. भागीबाई उठली आणि बाहेर जाऊन म्हणाली, "लगीन लावा."

लग्न लागलं. आमच्या झिऱ्याची मला तितकी भीती नव्हती, कारण नारूची पिल्लं पाण्यात घातक व्हायला काही दिवस लागतात आणि त्याआधी मी औषध आणून टाकणार होते. माझा जीव अडकला होता तो नवसात.

पाठवणीची वेळ झाली. नवरीबरोबर पाठराखीण जाते. पोरीला नव्या घरी करमेपर्यंत चार दिवस सोबत करायची आणि परत यायचं. काळूची बहीण लंकाबाई गाठोडं बांधून तयार होती. भागीबाईने ते गाठोडं तिच्या हातातून घेतलं. "तू ऱ्हा," ती म्हणाली. "मी जाते."

मुलीची आईच पाठराखीण? असलं कुणी ऐकलं नव्हतं, पाहिलं नव्हतं. आई लेकीच्या सासरी राहायला जात नाही, लेकीला मूल होईपर्यंत तिथलं अन्नपाणी घेत नाही, आणि ही बाई लेकीच्या मागोमाग सासरी निघालेली! झुंबर पुढे झाला. "भागे, चाल नाय आपली. बसू, बोलू, मंग ठरवू."

"बसा तुमी," भागीबाई म्हणाली. "तुमचं बोलून व्हईस्तवर मी तिकडं पोचते."

ती गेली. चार दिवसांनी आली नाही. आठवड्याने आली नाही. मी औषधाचं बघायला वांगणपाड्याला गेले तर काळू डोक्यावर पाण्याचा हंडा आणि भाकरीचं फडकं घेऊन डोंगर चढत होता. मी विचारलं तर म्हणाला, "तिकडचं पानी ती पीत नाय. नेऊन द्यावं लागतं." बैलं बघून आलेल्या माणसाला चांगलीच शिक्षा झाली होती. मी त्याच्याबरोबर पलीकडे उतरले.

सावरखोंडाच्या झिऱ्यावर, पळसाच्या सावलीत भागीबाई बसली होती. पोरं लांबून तिला चिडवत होती. व्याह्याच्या गावात ठाण मांडलेली विहीण, म्हणजे आयता तमाशाच. इथे तिला अडवायचा हक्क नव्हता, बैठक नव्हती, माची नव्हती. बाया तिच्या डोळ्यांदेखत पाण्यात उतरत होत्या आणि ती फक्त प्रत्येकीला म्हणत होती, "पाय दाव." ज्या पायात नारू दिसेल तो मांडीवर घ्यायचा, तेल लावायचं आणि न तोडता काडीला गुंडाळत बसायचं. नवसा सासरच्या हंड्यावर लुगड्याचं फडकं बांधून पाणी गाळत होती. सासू म्हणायची, आमचं पानी काय बाटलंय? मी भागीबाईला म्हटलं, "अहो, तहानेने मराल इथे. नाहीतर तुम्हीही गाळून प्या." ती माझ्यावरच खेकसली, "लेकीच्या घरचं पानी प्यायचं नसतं, बाय. राखायला कोनी मना नाय केलं."

मी तालुक्याच्या कचेरीत भांडले. साहेबांची बदली झाली होती आणि नवीन साहेब म्हणाले, सावरखोंड आपल्या योजनेत नाही, तिथे नारू असल्याची नोंद नाही. मी म्हटलं, नोंद करायला कुणी गेलंच नाही, तर ती कशी असेल? माझा आवाज इतका चढला की शिपाई आत डोकावला. औषध मिळालं, पण वांगणपाड्याची रीत तिथे चालली नाही. मी बैठक बोलावली तर कुणी आलंच नाही. तिथे सगळे केरूच्या घराकडे बघायचे. त्याचं घर करील तेच गाव करणार. मग एका सकाळी केरू स्वतः लंगडत एक ओंडका घेऊन आला आणि त्याने तो आपल्या आज्याच्या पायऱ्यांवर आडवा टाकला. दुपारपर्यंत बाकीचे ओंडके आले.

पावसाळ्यात आवणीला भागीबाई घरी परतली, झिऱ्याचं पाणी उतरायला लागल्यावर पुन्हा जाऊन बसली. उन्हाळा आला. सावरखोंडात त्याही वर्षी नारू निघाले. आदल्या साली पोटात गेलेले ते निघणारच होते. मी पट्ट्या बांधत फिरले. नवसाला दिवस गेले होते आणि नारूचे दिवस सरत आले असतानाच तिच्या कळा सुरू झाल्या.

भर दुपारी केरूच्या घरातच ती मोकळी झाली. मुलगी झाली, चांगली वजनदार, रडकी. मी हात धुऊन ओट्यावर आले. भागीबाई खांबाला पाठ लावून बसली होती. मी म्हटलं, "मुलगी झाली, भागीबाई."

"ऐकलं. रडली न्हवं." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "पाय पाह्यलंस का?"

"पाहिले की. दोन्ही धड आहेत, बोटं दहा."

"तिचं नाय गं. माझ्या पोरीचं."

मी हबकलेच. नात झाली तरी बाई अजून लेकीच्या पायाशीच होती. नवसाला सासरचं पाणी प्यायला लागून वर्ष झालं होतं, नारू निघायचा तर याच उन्हाळ्यात निघणार होता. गर्भारपणात नवसाने कुणाला पाय दाखवले नव्हते, आईलासुद्धा नाही. मी आत गेले, चादर वर केली आणि दोन्ही पाय उजेडात धरले. घोटे दाबून पाहिले, टाच पाहिली, बोटांच्या बेचक्या पाहिल्या. जुने व्रण होते. त्यांशिवाय फोड नाही, सूज नाही, काही नाही. बाहेर येऊन मी तसं सांगितलं.

"परत पाह्य," ती म्हणाली.

मी परत जाऊन पाहिले. "स्वच्छ आहेत," मी म्हटलं. "खरंच."

तेव्हा ही बाई, जिने भर लग्नात व्याह्याला उताणा पाडला होता, जी वर्षभर परक्या गावाचं हसं झेलत बसली होती, ती तोंडात पदर कोंबून हमसाहमशी रडायला लागली. मी तिच्याजवळ ओट्यावर बसले. आतून नवसाची घाबरलेली हाक आली, "नरसबाय, आई का रडते? काय झालं?"

"काही नाही झालं गं," मी म्हटलं. "काहीच झालं नाही."